चार नऊ, सहा नऊ आणि भोपाळचा कचरा

१ जानेवारी २०२५ ची रात्र. आपण सगळे थर्टी फर्स्टचं जागरण भरून काढत होतो तेव्हा भोपाळमधून बारा कंटेनर ट्रक निघाले. पुढे-मागे पोलिसांच्या गाड्या, सोबत अँब्युलन्स आणि अग्निशमन दल, रस्ता मोकळा केलेला. सुमारे अडीचशे किलोमीटरचं अंतर कापून ते ट्रक दुसऱ्या दिवशी पहाटे धार जिल्ह्यातल्या पिथमपूर औद्योगिक वसाहतीत पोचले. आत होता युनियन कार्बाइडच्या बंद पडलेल्या कारखान्यातला ३३७ टन कचरा. तोच कारखाना, जिथून २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट वायू गळला आणि हजारो माणसं गेली. (सरकारी आकडाच पाच हजारांच्या वर आहे. संघटनांचा आकडा त्याहून कितीतरी मोठा.)

३ जानेवारीला पिथमपूर बंद. रस्त्यावर जमाव, लाठीमार, आणि दोन माणसांनी निदर्शनाच्या वेळी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. कचरा जाळू नका म्हणून माणसांनी स्वतःला पेटवून घ्यावं, हे वाचून मी चहाचा कप खाली ठेवला.

माझी पहिली प्रतिक्रिया तुमच्यापैकी बऱ्याच जणांची असेल तीच होती. कचरा आहे, विषारी आहे, मग जाळून टाका ना एकदाचा! चाळीस वर्षं कशाची वाट बघत होते? आणि जाळणार म्हटल्यावर लोक एवढे का चिडले? पुढचे दोन-तीन वीकेंड याच्यामागे लागलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. मी केमिकलवाला नाही, कीबोर्ड बडवणारा माणूस आहे. त्यामुळे सांगताना उदाहरणं आमच्या धंद्यातली येतील, तेवढं सांभाळून घ्या :-)

*

मुळात आपल्या भाषेतच आगीबद्दल एक गाढ विश्वास भरलेला आहे. अग्नीचं एक नाव पावक, म्हणजे पवित्र करणारा. एखादी गोष्ट संपली हे सांगायचं तर आपण ‘जळून खाक झाली’ म्हणतो, ‘राखरांगोळी झाली’ म्हणतो. त्यापुढे विचार करायची गरजच नाही! सोसायटीचा वॉचमन रोज सकाळी पालापाचोळा पेटवतो तेव्हा त्याच्याही डोक्यात हेच असतं. ढीग होता, आता नाही. विषय संपला.

विषय संपत नाही हे पहिल्यांदा कळलं ते इंग्रजांना. १८७४ मध्ये नॉटिंगहॅम शहरात आल्फ्रेड फ्रायर नावाच्या माणसाच्या डिझाइनवर शहराचा कचरा जाळायची पहिली मोठी भट्टी उभी राहिली. तिला नाव काय दिलं, तर ‘डिस्ट्रक्टर’. विध्वंसक! आवेश बघा. पण या भट्ट्या जिथे जिथे झाल्या तिथे आसपासच्या लोकांनी ओरड सुरू केली. अर्धवट जळलेल्या कचऱ्याचा वास, चिमणीतून उडणारा जळका कागद, कपडे वाळत घालायची सोय नाही. कारण उघड होतं. ओला कचरा आत पडला की भट्टी थंड व्हायची, आणि कचरा जळण्याऐवजी शिजायचा.

१८८५ च्या सुमारास लंडनजवळच्या ईलिंगमध्ये चार्ल्स जोन्स यांनी एक साधी पण फार मोठी कल्पना लढवली. भट्टी आणि चिमणी यांच्या मध्ये दुसरी एक आग ठेवायची. पहिल्या आगीतून निघालेला धूर या दुसऱ्या आगीवरून गेला पाहिजे, म्हणजे धूरसुद्धा जळेल. याला त्यांनी ‘फ्यूम क्रिमेटर’ म्हटलं, म्हणजे धुराची चिताच. आज घातक कचऱ्याची भट्टी घ्या, तिच्यात बहुधा दोन खोल्या असतात. पहिलीत कचरा जळतो, दुसरीत पहिलीतून आलेला वायू. म्हणजे जोन्ससाहेबांची कल्पना १४० वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालू आहे. आपल्यापैकी कितीजणांचा कोड इतका टिकेल?

*

आता दुसरा टप्पा. दुसऱ्या महायुद्धानंतर रासायनिक कारखाने वाढले आणि कचऱ्याची जातच बदलली. कीटकनाशकं, सॉल्व्हंट, ट्रान्सफॉर्मरमधलं पीसीबी तेल. यातल्या बऱ्याच रसायनांमध्ये क्लोरीन होता. क्लोरीन आणि कार्बन यांची गाठ एकदा बसली की सहज सुटत नाही. म्हणूनच ही रसायनं कामाला उत्तम, आणि म्हणूनच विल्हेवाटीला महाकठीण.

अशी गाठ तोडायची तर तीन गोष्टी लागतात. तापमान, वेळ आणि घुसळण. तापमान साधारण ११०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर. वेळ म्हणजे वायू त्या तापमानात किमान दोन सेकंद राहिला पाहिजे. दोन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाही, पण वायू धावत असतो, त्यामुळे तेवढ्यासाठी भली मोठी खोली बांधावी लागते. आणि घुसळण म्हणजे वायू आणि हवा नीट मिसळली पाहिजे, नाहीतर मध्ये कुठेतरी ऑक्सिजन न मिळालेला एक पट्टा तसाच निसटतो. तिन्हीपैकी एक जरी कमी पडलं तरी गणित बिघडतं.

बरं, जळलं की नाही हे ठरवायचं कसं? इथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने एक माप घालून दिलं. भट्टीत घातलेल्या ठरावीक विषारी रसायनापैकी किती टक्के नष्ट झालं किंवा गाळलं गेलं? उत्तर किमान ९९.९९ टक्के यायला हवं. पीसीबीसारख्या चिवट मालासाठी ९९.९९९९. त्या क्षेत्रात याला सरळ ‘चार नऊ’ आणि ‘सहा नऊ’ म्हणतात.

हे वाचून मी खुर्चीतून उडालोच. अरे, हे तर आमचं अपटाइम! सर्व्हर चार नऊ चालला पाहिजे म्हणजे वर्षात जेमतेम ५३ मिनिटं बंद राहू शकतो. सहा नऊ म्हणजे वर्षात ३१-३२ सेकंद. भट्टीच्या भाषेत बोलायचं तर १०० किलो विष आत गेलं की चार नऊमध्ये चिमणीतून १० ग्रॅम बाहेर पडलं तर चालतं, सहा नऊमध्ये फक्त एक दशांश ग्रॅम.

या काळातलं सगळ्यात नाट्यमय प्रकरण म्हणजे ‘व्हल्कनस’ नावाचं जहाज. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने जंगलं उजाड करायला जे ‘एजंट ऑरेंज’ फवारलं, त्याचा उरलेला साठा युद्धानंतर पडून होता. त्यात डायॉक्सिनची भेसळ होती. हा १०,००० टनांहून जास्त माल १९७७ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये पॅसिफिक महासागरात, जॉन्स्टन बेटाच्या पश्चिमेला, या जहाजावरच्या भट्ट्यांमध्ये जाळला गेला. समुद्रात का? कारण जहाजाच्या चिमणीवर धूर धुणारी यंत्रणाच नव्हती. क्लोरीनयुक्त माल जाळला की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती पाण्यावर उतरेल आणि समुद्राच्या खारटपणात जिरून जाईल, असा हिशोब. आणि दुसरं, जास्त खरं कारण म्हणजे तिथे शेजारी नव्हते. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला समुद्रातलं हे जाळकाम आंतरराष्ट्रीय करारानं बंद झालं.

शेजारी नसलेली जागा शोधायची. हा धागा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

*

तर १९७७. एकीकडे व्हल्कनसवर डायॉक्सिन जाळून संपवल्याचं समाधान, आणि त्याच वर्षी अ‍ॅम्स्टरडॅममध्ये केस ओली, फर्म्युलेन आणि हुत्झिंगर या तिघांनी एक शोधनिबंध छापला. त्यांनी तपासली होती नेदरलँड्समधल्या साध्या नगरपालिकेच्या कचराभट्ट्यांची राख, म्हणजे चिमणीकडे उडत जाणारी बारीक धूळ. त्या राखेत त्यांना डायॉक्सिन सापडलं!

आता बघा गंमत (गंमत कसली). या भट्ट्यांमध्ये कोणी एजंट ऑरेंज घालत नव्हतं. घरातला कचरा, कागद, अन्न, प्लॅस्टिक. मग डायॉक्सिन आलं कुठून? उत्तर नीट हाती यायला पुढची दहा वर्षं गेली. १९८० च्या दशकात कार्ल्सरूहच्या श्टीग्लिट्झ आणि फोग या जर्मन संशोधकांनी आणि इतरांनी दाखवून दिलं की डायॉक्सिन आगीत नाही, आगीनंतर तयार होतं. भट्टीतून निघालेला गरम वायू हळूहळू थंड होत जातो. तो साधारण ४०० ते २०० अंशांच्या टप्प्यातून जात असताना, राखेतला न जळलेला कार्बन, क्लोरीन आणि तांब्यासारखे धातू एकत्र येतात आणि धुळीच्या कणावर नव्याने डायॉक्सिन घडवतात. ३०० अंशांच्या आसपास हा उद्योग सगळ्यात जोरात चालतो.

म्हणजे तुम्ही ११०० अंशाला सगळं व्यवस्थित तोडलंत, सहा नऊ मिळवलेत, पार्टी केलीत. आणि पुढच्या पाइपमध्ये तुकडे परत जुळून नवीन विष तयार. तुमचं चार नऊचं माप हे पकडणारच नाही! ते फक्त विचारतं की मी आत टाकलेलं बाहेर आलं का. मी आत न टाकलेलं काही बाहेर आलं का, हा प्रश्न त्या टेस्ट केसमध्येच नाही. आमच्या क्षेत्रात अशा बगवर लोकांच्या नोकऱ्या गेल्या आहेत.

यावरचा उपाय तर्काने सरळ आहे. तो धोक्याचा टप्पा टाळता येत नाही, पण पळत ओलांडता येतो. गरम वायूवर पाण्याचा जोरदार फवारा मारून तो काही क्षणात २०० अंशांच्या खाली आणायचा, म्हणजे जुळणीला वेळच मिळत नाही. तरीही जे तयार होईल त्यासाठी वायूत चुन्याची आणि सक्रिय कोळशाची पूड सोडायची. चुना आम्ल मारतो, कोळसा डायॉक्सिन आणि पाऱ्याची वाफ धरून ठेवतो. मग हे सगळं कापडी पिशव्यांच्या गाळणीतून न्यायचं (आपल्या व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीचा थोरला भाऊ समजा). मग पुन्हा अल्कली मिसळलेल्या पाण्याने धुवायचं, आणि शेवटी चिमणी. टोकाला एक मोठा पंखा सतत ओढत असतो, त्यामुळे सगळ्या यंत्रणेत बाहेरच्यापेक्षा कमी दाब राहतो आणि फटीतून वायू बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते.

१९८९ मध्ये रॉटरडॅमजवळच्या कचराभट्टीच्या परिसरातल्या गायींच्या दुधात डायॉक्सिन सापडलं आणि युरोपचा धीर सुटला. १९९० मध्ये जर्मनीने मर्यादा घातली: दर घनमीटर वायूत ०.१ नॅनोग्रॅम. पुढे ती युरोपभर गेली, आणि २००८ मध्ये भारतानेही आपल्या सामायिक घातक-कचरा भट्ट्यांसाठी हाच आकडा कायद्यात घेतला. ०.१ नॅनोग्रॅम म्हणजे किती? दहा किलोमीटर लांब, दहा किलोमीटर रुंद आणि शंभर मीटर उंच असा हवेचा ठोकळा डोळ्यासमोर आणा. पुणे शहराचा बराच मोठा भाग त्यात मावेल. त्या सगळ्या हवेत मिळून एक ग्रॅम. तेवढंच.

*

आता परत त्या शेजाऱ्यांकडे. भोपाळच्या आठ वर्षं आधी, १० जुलै १९७६ ला, इटलीत सेवेसो गावाशेजारच्या कारखान्यातून डायॉक्सिनचा ढग सुटला होता. हा कारखाना स्विस कंपनी हॉफमन-ला रोशच्या साम्राज्यातला. त्या रिअ‍ॅक्टरमधला सगळ्यात घाण माल ४१ पिंपांमध्ये भरला गेला आणि १९८२ च्या सप्टेंबरमध्ये ती पिंपं देशाबाहेर नेली गेली. आणि चक्क बेपत्ता झाली! कुठे गेली हे सांगायला कोणी तयार नाही. सारा युरोप आठ महिने ती पिंपं शोधत होता. १९८३ च्या मे महिन्यात ती सापडली उत्तर फ्रान्समधल्या एका खेड्यात, बंद पडलेल्या कत्तलखान्यात.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. स्वित्झर्लंडने तो माल परत घेतला, आणि १९८५ मध्ये तो बाझेल शहरातल्या भट्टीत जाळला गेला. बाझेल म्हणजे रोश कंपनीचं स्वतःचं गाव. ज्याचा कचरा, त्याच्याच अंगणात. १९८९ चा घातक कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा करार याच शहरात झाला आणि याच शहराच्या नावाने ओळखला जातो.

भोपाळचा हिशोब याच्या अगदी उलटा. अपघातानंतर कारखाना बंद झाला, पण कच्चा माल, अर्धवट बनलेलं कीटकनाशक, रिअ‍ॅक्टरमधला गाळ, दूषित माती हे सगळं तिथेच पडून. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलर्सची तडजोड झाली. १९९८ मध्ये जमीन राज्य सरकारकडे परत आली, कचऱ्यासकट. २००१ मध्ये डाऊ केमिकलने युनियन कार्बाइड विकत घेतली आणि या जागेची जबाबदारी आपली नाही अशी भूमिका घेतली. २००४ मध्ये आलोक प्रताप सिंह यांनी मध्य प्रदेश उच्च न्यायालयात जनहित याचिका टाकली की निदान हा कचरा तरी हलवा. २००५ मध्ये तो गोळा करून कारखान्याच्याच आवारातल्या शेडमध्ये बंद केला गेला. याचिका करणारे सिंह स्वतः निकाल येईपर्यंत राहिले नाहीत.

मग सुरू झाली वरात. आधी ठरलं गुजरातमध्ये अंकलेश्वरला जाळायचं. गुजरात सरकार आधी हो म्हणालं, विरोध झाला, मग नाही म्हणालं. मग पिथमपूर, तिथेही विरोध. २०११ मध्ये नाव पुढे आलं आपल्या नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीचं. उच्च न्यायालयाचा आदेशही झाला. विदर्भात एकच गदारोळ उठला, विधिमंडळात प्रश्न आले, महाराष्ट्राने ठाम नकार दिला. प्रकरण तिथेच थांबलं. २०१२ मध्ये केंद्रीय मंत्रिगटाने जर्मनीच्या जीआयझी या संस्थेचा प्रस्ताव मान्य केला. सुमारे २५ कोटी रुपयांत कचरा विमानाने जर्मनीला नेऊन तिथे जाळायचा. जर्मन वर्तमानपत्रांत बातमी आली, तिथल्या लोकांनी विरोध केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीआयझीने अंग काढून घेतलं.

म्हणजे अंकलेश्वर नाही, नागपूर नाही, जर्मनी नाही. प्रत्येकाचं म्हणणं एकच. जाळायला आमची हरकत नाही, आमच्याकडे नको.

नागपूरकरांच्या त्या नकाराबद्दल माझं मत दोनदा बदललं. आधी वाटलं, बरं केलं! मग वाटलं, हे स्वार्थी नाही का? भोपाळच्या लोकांनी तो कचरा उशाशी घेऊन झोपायचं आणि आपण हात झटकायचे? आणि आपल्याकडे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची केंद्रं आहेतच की. तुमच्या-माझ्या औषधाच्या गोळ्या, गाडीचा रंग, मोबाइलचे सुटे भाग यांचा कचरा तिथे कोणाच्यातरी शेजारी रोज जातोच. आपण त्या कोणाच्यातरी शेजारी राहत नाही, एवढंच.

पण विरोध करणाऱ्यांची बाजूही नुसती भीतीची नाही. पिथमपूरच्या भट्टीवर २०१० ते २०१५ या काळात सात चाचण्या झाल्या. त्यांतल्या सहांमध्ये डायॉक्सिन मर्यादेबाहेर गेलं होतं, असं भोपाळच्या संघटना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालांवरून सांगतात. ऑगस्ट २०१५ च्या सातव्या चाचणीत कार्बाइडचा खरा माल, १० टन, जाळला गेला आणि आकडे मर्यादेत आले, असं सरकार सांगतं. आता तुम्ही त्या भट्टीला लागून असलेल्या गावात राहत असाल तर काय मोजाल, शेवटचा निकाल की आधीचे सहा?

*

३ डिसेंबर २०२४. दुर्घटनेला चाळीस वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी उच्च न्यायालयाने सरकारला सुनावलं की चार आठवड्यांत कचरा हलवा. म्हणून ते बारा ट्रक. खर्चाची तरतूद १२६ कोटी रुपये, केंद्राच्या तिजोरीतून. म्हणजे तुमच्या-माझ्या.

ट्रकमध्ये काय होतं? १६२ टन माती, ९२ टन सेव्हिन कीटकनाशक आणि नॅफ्थॉल यांचे अवशेष, ५४ टन अर्धवट प्रक्रिया झालेलं कीटकनाशक, २९ टन रिअ‍ॅक्टरमधला कचरा. बेरीज ३३७. निम्म्याच्या आसपास नुसती माती, हे लक्षात ठेवा.

फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या. पहिली ताशी १३५ किलो, दुसरी १८०, तिसरी २७०. हळूहळू लोड वाढवत नेला. (आपण रिलीज करतो तसंच. फरक इतकाच की इथे रोलबॅक नाही.) मर्यादा पाळल्याचा अहवाल आला, न्यायालयाने परवानगी दिली, ५ मेला उरलेला माल जाळायला सुरुवात झाली आणि जूनअखेर ३३७ टन संपले. उत्सर्जन मर्यादेतच राहिलं असं राज्याच्या प्रदूषण मंडळाने सांगितलं.

मग झालं की! नाही का?

दोन गोष्टी राहतात. पहिली मोजमापाची. भट्टीचं तापमान, कार्बन मोनॉक्साइड, धूळ, आम्लवायू हे सेकंदासेकंदाला मोजता येतं. कार्बन मोनॉक्साइड वाढला की ज्वलन अपुरं होतंय हे कळतं, आणि मर्यादा ओलांडली की कचऱ्याचा पुरवठा आपोआप बंद पडला पाहिजे अशी कडी यंत्रणेत बसवलेली असते. पण ज्याची सगळ्यात जास्त भीती, ते डायॉक्सिन असं चालू भट्टीवर मीटर लावून दिसत नाही. चिमणीतून काही तास नमुना ओढायचा, खास प्रयोगशाळेत पाठवायचा आणि निकालाची वाट बघायची. म्हणजे निकाल येतो तेव्हा तो धूर केव्हाच कोणाच्यातरी शेतावर उतरलेला असतो. आणि भट्टी सगळ्यात जास्त घाण करते ती सुरू होताना, बंद होताना आणि मध्येच काही बिघडल्यावर. नमुना घ्यायला मात्र बहुतेक वेळा ती सुरळीत चालू असतानाच जातात. डेमोच्या दिवशी सगळीच सॉफ्टवेअर्स छान चालतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट राखेची. जळून खाक म्हणतो आपण, पण माती जळत नाही. शिसं, निकेल जळत नाही. पारा जळत नाही, नुसता वाफ होऊन पुढच्या गाळणीत जाऊन बसतो. वर चुना, कोळसा आणि धुण्यातून निघालेले क्षार. त्यामुळे ३३७ टन कचरा जाळल्यावर राख आणि उरलेला माल मिळून किती झाला? साडेआठशे टनांहून जास्त. वजनाने अडीचपट! सेंद्रिय विष तुटलं हे खरं आणि ते महत्त्वाचंही आहे. पण धातू तिथेच आहेत, फक्त जागा बदलून. ही राख प्लॅस्टिकचे थर घातलेल्या खड्ड्यात पुरायची, तो खड्डा गळू नये म्हणून पिढ्यानपिढ्या लक्ष ठेवायचं. आणि तो खड्डा वस्तीपासून किती लांब, यावरून पुन्हा न्यायालय. पावक पवित्र करतो, पण हिशोब मिटवत नाही.

आणि आता तो आकडा, ज्याने मला हा लेख लिहायला बसवलं. २०१० मध्ये नागपूरच्या नीरी या संस्थेने हैदराबादच्या एनजीआरआय बरोबर कार्बाइडच्या जागेचा अभ्यास केला होता. त्यात कारखान्याच्या आवारातल्या दूषित मातीचा अंदाज दिला आहे: सुमारे ११ लाख टन. आपण चाळीस वर्षं भांडून, तीन राज्यं आणि एक खंड फिरून, १२६ कोटींची तरतूद करून जे जाळलं ते ३३७ टन. टक्केवारी काढली मी, ०.०३ टक्के. बाकीचं अजून तिथेच आहे, आणि दर पावसाळ्यात पाणी त्यातून झिरपत आसपासच्या वस्त्यांच्या भूजलात जातंय. तिथल्या बोअरचं पाणी पिऊ नका म्हणून न्यायालयाला नळाची लाइन टाकायला सांगावं लागलं होतं.

मग जाळायचं की नाही? मला विचाराल तर काही माल जाळण्यावाचून दुसरा बरा उपाय अजूनही सहज हाती नाही. शेडमध्ये कुजत ठेवणं हा उपाय नव्हताच. दीडशे वर्षांत माणूस हे काम बऱ्यापैकी नीट करायला शिकलाय. दुसरी खोली, दोन सेकंद, झटक्यात थंड करणं, कोळसा, पिशव्या. यातली प्रत्येक गोष्ट कोणाच्यातरी खोकल्यातून, कोणाच्यातरी गायीच्या दुधातून शिकलो आपण. पण ‘सुरक्षित’ हा शब्द भट्टीच्या डिझाइनला लागत नाही, तो रोजच्या रोज चालवण्याला लागतो. रात्री तीनच्या शिफ्टला फवाऱ्याचा पंप बंद पडला तर कचरा खरंच थांबतो का, आणि थांबला नाही तर ते गावाला कळतं का, यावर सगळं ठरतं. पिथमपूरच्या लोकांना रसायनशास्त्र कळत नव्हतं असं मला आता वाटत नाही. त्यांना मागचा अनुभव आठवत होता. १९८४ च्या त्या रात्रीही कार्बाइडच्या कारखान्यात वायू धुणारी यंत्रणा होती, वायू जाळून टाकणारी मशालसुद्धा होती. कागदावर दोन्ही होत्या. मशालीकडे जाणारा पाइपच दुरुस्तीसाठी काढलेला होता.

असो. पुढच्या वेळी नगरहून पुण्याला येताना रांजणगाव एमआयडीसीवरून जाल, तेव्हा गाडीची काच वर करताना एक सेकंद विचार करा, की काच वर करायची सोय नसलेले लोक तिथे रोज असतात. मी गेल्या रविवारी केला.